पदरातली जोडवी

साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी बेअरिंगला घालायचं ग्रीससुद्धा झालं, पण जोडवं काही बोटातून हलेना. चारुशीला पिठाच्या गिरणीच्या उंबऱ्यावर पाय पुढे घेऊन बसली होती. समोर तिच्या सासूबाई, अंबूबाई, ज्वारी निवडता निवडता सगळं बघत होत्या.

“बोट मोडशील. निघायचं न्हाई ते.”

“आत्या, दोर धरताना रुततंय ओ.”

“मग दोर सोड की. जोडवं कशाला सोडतीस?”

दोराच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून वर चढतात. आणि लग्न झालेल्या बाईची जोडवी असतात ती नेमकी त्याच बोटात. ज्या कुणी ही जागा ठरवली, त्याला बायकांनी दोरावर चढावं असं काही वाटत नसावं.

चारुशीला मूळची साताऱ्याची. तिथल्या व्यायामशाळेत ती लहानपणापासून दोरावरच असायची. राज्य स्पर्धेसाठी निवड झाली आणि त्याच महिन्यात आष्ट्याचं स्थळ आलं. वडील म्हणाले, स्पर्धा काय, पुढच्या वर्षीही असते. पुढच्या वर्षी ती आष्ट्यात सासरची गिरणी चालवत होती. नवरा जयराज दुधाचा टँकर घेऊन पुण्याच्या वाटेवर असायचा. आता मुलगीसुद्धा मिरजेला नर्सिंगला गेली.

आणि अपूर्वाचा, साताऱ्याच्या जुन्या मैत्रिणीचा, फोन आला. व्यायामशाळेच्या वर्धापनदिनाला जुन्या मुलींनी काहीतरी करून दाखवायचं होतं.

“बाकीच्या खाली लेझीम धरणार आहेत. दोरावर जायचं कुणाच्यात बळ नाही. तू?”

“मी वर जाणार,” चारुशीला म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने स्वतःचं पोट चाचपून बघितलं आणि त्या दिवसापासून भात सोडला.

दुपारी लाईट गेली की गिरणी बंद. तेवढ्यात दार ओढून घेऊन तुळईला बांधलेल्या दोराशी तिची झटापट सुरू व्हायची. दळणाचे डबे उचलून दंड भक्कम झाले होते, बाकीचं अंग मात्र सगळं विसरलं होतं. सुरुवातीला जमिनीवरून पायच सुटेनात. संध्याकाळच्या भाकऱ्या वाकड्यातिकड्या व्हायच्या. दळणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

“ह्या वयात गं?”

“मग कवा? दात पडल्यावर?” चारुशीला म्हणायची आणि पुन्हा दोराला हात घालायची.

तिला एकच आसन करायचं होतं, निद्रासन. वर जाऊन दोराला पायाची अढी, म्हणजे घट्ट विळखा, घालायची, आडवं व्हायचं आणि हात सोडून द्यायचे. खालून बघणाऱ्याला वाटावं, बाई निवांत झोपली आहे.

“झोपायचंच हाय तर घरात बाज हाय की,” अंबूबाई म्हणाल्या. मग निवडलेली ज्वारी बाजूला सारून हळूच म्हणाल्या, “बाईची जोडवी एकदाच निघत्यात. माझी निघाली तवा जयराज पाळण्यात हुता. आता त्योबी रातंदिस रस्त्यावर. तुला दोर दिसतोय, मला टँकर दिसतोय.”

ही भीती खोटी नव्हती. जयराजला फोन केला तर तो म्हणाला, “मला कायबी अडचण न्हाई. पर आईला इचार.” आईला आणि बायकोला एकाच वेळी होकार देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

चारुशीलाने जोडव्यांवर चिंधी गुंडाळली आणि सराव चालू ठेवला. एका दुपारी चिंधी सरकली आणि ती धप्पकन पोत्यांवर आली. आवाजाने अंबूबाई धावल्या. त्यांनी चिंधी सोडली. जोडव्याखालची कातडी सोलून निघाली होती.

“दुखतंय?”

“व्हय.”

“आन् तरी जाणार?”

“आत्या, लगीन झाल्यापास्नं मी लोकांचं डबं वर चढवतेय. एकदा मला मलाच वर चढवायचंय.”

अंबूबाईंनी त्या बोटाला हळद लावली. दुसऱ्या दिवशी त्याच पुढे होऊन सुनेला सोनाराकडे घेऊन गेल्या. त्याने जोडवी कापून घालता-काढता येतील अशी करून दिली. पण अंबूबाईंची अट होती. टँकर दारात उभा असेल तेव्हाच जोडवी निघतील आणि तेवढा वेळ ती त्यांच्या पदराच्या गाठीत राहतील. तेव्हापासून जयराज घरी आला रे आला की घरातली बाई गिरणीकडे पळायची आणि त्याला चहा स्वतःच करून घ्यावा लागायचा.

वर्धापनदिनाला अंबूबाई साताऱ्याला आल्या. अगदी पुढे बसल्या, एका हातात पदराची गाठ, दुसऱ्या हातात फोन.

“कुठं हायस रं?”

“बाजंवर हाय आई.”

“तितंच ऱ्हा.”

चारुशीलाने दोराला नमस्कार केला आणि चढायला लागली. अर्ध्यावर तिचा पाय सुटला. ती नुसत्या हातांवर लोंबकळली, खाली कुणीतरी “आई गं” म्हणालं. तिने दात आवळले, बोटांनी चाचपत दोर शोधला, पकडला आणि वर गेली. अढी घातली, आडवी झाली आणि हात सोडले. तिला फार बरं वाटलं. खाली टाळ्या वाजत होत्या. दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे अंबूबाईंना टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

ती खाली आल्यावर अंबूबाईंनी तिचा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. बोट लालबुंद होऊन सुजलं होतं. जोडवं टेकवताच चारुशीलाने श्वास रोखला. एवढ्यात फोन वाजला.

“आई, बदली डायवर आला न्हाई. डेअरीवाले बोलावत्यात. दूध नासंल. जाऊ का?”

अंबूबाईंनी सुनेच्या मोकळ्या बोटांकडे बघितलं. शेजारी त्यांचा स्वतःचा पाय होता. त्या बोटांवर जोडव्यांचा फिकट वळ अजून होता.

“जा,” त्या म्हणाल्या. “सावकाश चालीव.”

आणि जोडवी पुन्हा पदरात बांधली.

परतीच्या एसटीत चारुशीला पिशवीवर पाय टेकवून खरोखरच झोपली. अंबूबाई खिडकीतून समोरून येणारी एकेक गाडी बघत होत्या. कऱ्हाड आलं तरी त्यांनी गाठीवरची मूठ सोडली नव्हती. पण सुनेला काही उठवलं नाही.