फाटकाच्या पुढे निदान एक चाक

धाकट्या मामाच्या गाडीचं इंजिन थोडंसं सुधारायचं होतं. थोडंसंच. "मला शर्यत जिंकायची नाहीये," मामा म्हणाला, "फक्त दादाचं फाटक ओलांडायचंय."

दादा म्हणजे माझे मोठे मामा. दोघांची घरं एकाच चढावर. मोठ्या मामांचं मधे, धाकट्याचं वर टोकाला. आणि दोघांनी तरुणपणी मिळून घेतलेली टू-स्ट्रोक डर्ट बाइक, जिला गल्लीत सगळे धुराडी म्हणतात, ती रोज संध्याकाळी धाकट्या मामाला घेऊन चढाला लागते आणि बरोबर मोठ्या मामांच्या फाटकासमोर अवसान गाळते. अलीकडे दाताच्या डॉक्टरांचं घर आहे, पलीकडे शिंप्याचं आहे. दोन्ही माणसं चांगली आहेत. पण नाही, तिथेच.

तेही चाललं असतं, पण दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कारण जमीन नाही, पैसा नाही. कारण ऑइल. या गाडीला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं. धाकटा मामा म्हणतो, लिटरला पंचवीस मिली पुरे. मोठे मामा म्हणतात, पन्नास. एका संध्याकाळी यावरून आवाज चढले आणि "तुझ्याशी बोलणं म्हणजे..." एवढं म्हणून मोठे मामा जे थांबले, ते वाक्य कित्येक वर्षं पूर्ण व्हायचंय. गाडी धाकट्याकडे राहिली, मत मोठ्याकडे.

तेव्हापासून नियम असा की जो आधी बोलेल तो हरला. त्यामुळे गाडी बंद पडली की धाकटा मामा आभाळाकडे बघतो, जणू इथेच उतरायचं ठरलं होतं, आणि चालत घरी जातो. इंजिन थंड होईपर्यंत चहा पितो, मग खाली येऊन गाडी घेऊन जातो. मोठे मामा पायरीवर बसून पेपर वाचत असतात. पेपर उलटा असला तरी वाचतात.

शेवटी धाकट्या मामीचा संयम सुटला. धुळीचा नाही, धुराचा प्रश्न होता. तिच्या धुतलेल्या चादरींना गॅरेजचा वास यायला लागला होता. "रविवारी सकाळी गाडी फाटकाच्या पुढे गेली तर राहील," तिने जाहीर केलं. "नाही गेली तर भंगारात." भंगारवाला आधी नको म्हणाला होता, पण तिने फारच गळ घातली.

मामाने त्या दिवशी चहात साखर घातली आणि ढवळलीच नाही. याच गाडीवर तो एकदा चिखलातल्या शर्यतीत शेवटून दुसरा आला होता. शेवटचा आलेला पडला होता, तरी मान मान असतो.

मी मामाकडे राहतो आणि मिक्सर-इस्त्रीच्या दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्यामुळे घरात जे जे गोल फिरतं ते माझ्या खात्यात येतं. मी कामाला लागलो. सायलेन्सर उघडला तर आत एवढी काजळी की जगाच्या डोळ्यांत काजळ घालून वर उरली असती. पिस्टनच्या डोक्यावरचा थर लाकडी उलथन्याने खरवडला. ते उलथनं नंतर मामीला कधीच सापडलं नाही आणि सापडणारही नाही. एअर फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन दोरीवर वाळत घातला, तो मामीने मामाचा बनियन समजून घडी करून कपाटात ठेवला. प्लगची फट मामाने स्वतः तपासली. तो चष्म्याच्या दुकानात आहे. भिंग लावून बघितल्यावर म्हणाला, "फट ठीक आहे. लांबचं जरा कमी दिसत असेल."

बुधवारी चाचणी घेतली. धुराडी ताठ मानेनं चढली आणि पुढचं चाक फाटकाच्या पुढे गेलं! मग बंद पडली.

"एक चाक गेलं!" मामा ओरडला.

"मग तेवढंच ठेवा," वरून मामी म्हणाली. "बाकीची भंगारात."

गुरुवारी मात्र पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा फाटकाच्या अलीकडे. प्लग काढला तर ऑइलने चिंब.

"मामा, किती घालतोस?"

"पंचवीस. आईशप्पथ पंचवीस."

मी स्वतः मोजून बघितलं. पंचवीसच. मग उरलेलं ऑइल येतं कुठून? इंजिनाला घाम फुटतो असं मी तरी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी गाडी बंद पडली, मामा आभाळ बघून घरी गेला, आणि मी शिंप्याच्या कुंपणामागे बसून राहिलो. थोड्या वेळाने मोठ्या मामांनी पेपर खाली ठेवला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. सदऱ्याच्या खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली, फाटक उघडलं, गाडीच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि मापाच्या टोपणाने दोन टोपणं आत सोडली. मग टाकीवरून हात फिरवला. तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात तसा.

"मोठे मामा!"

त्यांनी शांतपणे बूच लावलं. "खोकला आहे," ते म्हणाले.

"कोणाला?"

"हिला."

मोठे मामा आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या हाताखालून डोस घेतल्याशिवाय कोणी सुटत नसे, सोबत आलेली माणसंसुद्धा.

"हे कधीपासून चाललंय?"

"भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून. अरे, पंचवीसवर ठेवलंय त्याने तिला! पंचवीसवर इंजिन जगतं का?"

"अहो, म्हणून तर ती इथे बंद पडते! काल तुम्ही घातलेलं ऑइल आज प्लगवर बसतं. धूर होतो, काजळी धरते."

"प्लग भिजला तर पुसता येतो. ऑइलविना पिस्टन चिकटला तर काय पुसशील?"

यात तथ्य होतं, म्हणून मी विषय बदलला. "रविवारी चढली नाही तर भंगारात जाणार आहे. दोन दिवस ओतू नका."

"मी ओतणार."

"मामा, हात जोडतो."

"जोड. ओतणार म्हणजे ओतणार. आणि त्याला सांगितलंस तर तुझं माझं संपलं."

मोठ्या मामांचं 'संपलं' किती टिकतं ते मला ठाऊक होतं. म्हणून मी डोकं लढवलं. शनिवारी धाकट्या मामाला म्हटलं, आज मिश्रण मी करतो. टाकी पूर्ण रिकामी केली, लिटरभर पेट्रोल भरलं आणि ऑइल घातलं शून्य. एक थेंबही नाही. गाडी उतारावरून ढकलत आणली, मोठ्या मामांच्या फाटकासमोर लावली आणि मोठ्याने म्हणालो, "छे! पडली बाबा बंद!" पेपरामागे हालचाल झाली, तसा मी गाडी तिथेच सोडून घरी गेलो. दोन टोपणं म्हणजे तीस मिली. पंचवीसपेक्षा जास्त, पन्नासपेक्षा कमी. दोन्ही मामांना न विचारता मी दोघांचा समेट टाकीत घडवून आणला होता. त्या रात्री मी अगदी समाधानाने झोपलो.

रविवारी सकाळी अर्धी गल्ली जमली. दाताचे डॉक्टर तोंड उघडं ठेवून उभे होते, बहुधा सवयीने. वरच्या टोकाला मामी हाताची घडी घालून उभी होती. शेजारी भंगारवाला, डोळे मिटून, गाडी चढू दे म्हणून पुटपुटत.

मामा गाडी खाली घेऊन गेला. किक मारली. दुसऱ्या किकला धुराडी सुरू झाली आणि आली ना! आवाज एकदम खणखणीत. डॉक्टरांचं घर गेलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. मागे धुराचा पत्ता नाही, मागची झाडंसुद्धा दिसत होती.

फाटकाजवळ मोठे मामा पेपर घेऊन उभे होते. त्यांनी पेपर हळूच खाली केला.

"धूर कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही काल ओतलंत ना?"

"तू नको म्हणालास ना!"

"तुम्ही ओतणार म्हणालात ना!"

"म्हणालो. मग विचार केला, पोरगं एवढे हात जोडतंय. माझ्यापायी जायला नको भंगारात. तू घातलंस ना पण?"

"मी कशाला घालू? तुम्ही ओतणार होतात!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात धुराडी आमच्या समोरून गेली. पुढचं चाक गेलं, मागचं चाक गेलं. मामाने आनंदाने एक हात वर केला. टाकीत निव्वळ पेट्रोल होतं आणि पिस्टन घासत होता जुन्या पुण्याईवर.

मोठे मामा धावले. एका पायात चप्पल, एका हातात खोकल्याची बाटली. "थांब! अरे थांब, गाढवा! कोरडी आहे ती! क्लच दाब, क्लच!"

कित्येक वर्षांनी तो आवाज ऐकून मामाचा हात आपोआप क्लचवर गेला. मग त्याने इंजिन बंद केलं. गाडी शिंप्याच्या दारात थांबली, पण ब्रेक तिच्याच वयाचे असल्यामुळे उलटी घरंगळायला लागली. मामा दोन्ही पाय फाकवून, समोर बघत, मोठ्या रुबाबात मागे मागे आला. मोठ्या मामांनी मडगार्ड धरून तिला थोपवली. फाटकासमोर.

त्यांनी टाकी उघडून दोन टोपणं ओतली. मग किक हाताने दाबून बघितली. पिस्टन सुटा होता. तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

"तू आधी बोललास," हेल्मेटमधून आवाज आला.

"मी गाडीशी बोललो."

"गाढवा म्हणालास."

"ओळखलंस ना स्वतःला? झालं तर."

"किती ओतलंस?"

"तीस."

"पाच जास्त झालं."

"वीस कमी पडलं!"

"वहिनी," वरून भंगारवाल्याने घाबरत विचारलं, "गेली म्हणायची की नाही?"

मामी दोघांकडे बघत राहिली. दोघेही टाकीवर वाकून तावातावाने हातवारे करत होते आणि मोठ्या मामांची दुसरी चप्पल रस्त्याच्या मधोमध पडली होती. "गेली," ती म्हणाली. "परत आली, तो घरचा मामला आहे." तिचं मन बदलायच्या आत भंगारवाला उताराला लागला.

आता मिश्रण तीसचं असतं. धूर नाही, चादरींना वास नाही आणि गाडी मनात आणलं तर सहज वर जाते. पण मामा मोठ्या मामांच्या फाटकाशी वेग कमी करतो. एवढंच विचारायला, की अठ्ठावीस करून बघायचं का. इंजिन बंद करत नाही, कारण बंद केलं तर गप्पा मारायला आला असं दिसेल. मोठे मामा पायरीवरून उठत नाहीत, कारण उठले तर या बसा म्हटल्यासारखं होईल. म्हणून दोघे इंजिनाच्या आवाजावरून ओरडून भांडतात. गाडी उभ्या उभ्या फटफटत राहते, प्लग भिजतो आणि धुराडी बंद पडते. फाटकासमोरच.

"मग तू सुधारलंस काय?" मामी मला विचारते.

मी म्हणतो, थोडंसंच सांगितलं होतं.