पाणवाट मोकळी आहे

हाउकिसारी बेटावर आता दोनच घरांतून धूर निघतो. एक घर आर्मासचे, दुसरे हिल्काचे. हिल्का ही आर्मासच्या थोरल्या भावाची विधवा. दोन्ही घरांच्या मध्ये बर्चची झाडे आणि एक पायवाट आहे. ही पायवाट हिवाळ्यात आर्मास फावड्याने मोकळी ठेवतो आणि उन्हाळ्यात ती आपोआप मोकळी राहते. उन्हाळी घरे पुष्कळ आहेत, पण त्यांचे मालक जूनच्या आत फिरकत नाहीत.

वसंतात आमच्या सरोवरावर असे दिवस येतात की बर्फ माणसाचे ओझे पेलत नाही आणि होडीला वाटही देत नाही. त्या दिवसांना आम्ही 'मोडकी वाट' म्हणतो. मोडकी वाट लागली की बेटावरचा माणूस बेटावर आणि काठावरचा काठावर. नगरपालिकेची होडी यार्मो चालवतो. या दिवसांत तो रोज सकाळी आर्मासला फोन करतो आणि बेट व पूर्वेचा काठ यांच्यामधली अरुंद पाणवाट कशी आहे ते विचारतो. आर्मास तंत्रनिकेतनात शिकलेला. सारी नोकरी त्याने जलविद्युत केंद्रावर पाण्याची पातळी आणि बर्फाची जाडी यांच्या नोंदी करण्यात काढली. पहारीने ठोकून, रंग पाहून, वाऱ्याचा अंदाज घेऊन तो एक शब्द सांगतो, 'बंद' किंवा 'मोकळी'. 'मोकळी' म्हटले की यार्मो इंजिन सुरू करतो. या व्यवस्थेत आजवर कुणाची होडी अडकलेली नाही.

यंदा पहिल्या होडीने हिल्का जाणार होती, आणि कायमची जाणार होती. तिचे गुडघे धक्क्याच्या पायऱ्यांना दाद देईनासे झाले होते. मुलीने, मेर्वीने, काठापलीकडच्या नुर्मेस गावात लिफ्ट असलेल्या इमारतीत तिच्यासाठी दोन खोल्या घेतल्या होत्या. सामानाची खोकी हिवाळ्यापासून ओसरीत रचून ठेवलेली होती. त्यांना दोऱ्या आर्मासनेच बांधल्या. गाठी अशा मारल्या की वाटेत सुटू नयेत आणि घरी गेल्यावर एका ओढीत सुटाव्यात.

ती जाऊ नये असे त्याला वाटत होते. हे त्याने तिला सांगितले नव्हते. विचार नीट मांडता येईल असे वाक्य सापडले की सांगू, असे त्याने ठरवले होते, आणि तसे वाक्य काही सापडत नव्हते.

दरम्यान मासा आला होता. बेटाच्या दक्षिणेला एक उथळ कोपरा आहे. तिथल्या काळ्या चिखलावर ऊन पडते, वरून ओढ्याचे पाणी उतरते, आणि सारे सरोवर अजून बर्फाखाली असताना तेवढा भाग उघडा होतो. मागल्या वर्षीची वाळकी लव्हाळी गुडघाभर पाण्यात उभी असतात. गाबोळी सोडायला पाइक मासा त्यांत शिरतो. कधी कधी इतका वर येतो की त्याची पाठ पाण्याबाहेर दिसते. या कोपऱ्याच्या तोंडाशी जाळे लावायचे असते, आणि ते काम दोघांचे आहे. एकाने वल्ही धरायची, दुसऱ्याने जाळे सोडायचे. वाऱ्याने होडी आडवी झाली की जाळ्याचा गोळा होतो. पूर्वी भाऊ जाळे सोडी आणि हिल्का वल्हवी. भावाच्या मागे जाळे आर्मासच्या हाती आले. वल्ही तिच्याकडेच राहिली.

"वारा डावीकडून येतोय," आर्मास म्हणाला.

"दिसतंय मला. तू तुझं जाळं बघ," हिल्का म्हणाली. तिने एकच वल्हे जरासे पाण्यात दाबले आणि होडी जागच्या जागी उभी राहिली.

आदल्या दिवशीचे जाळे आधी काढायचे होते. त्यात एक मोठी मादी निघाली, हातभर लांब, पोट गच्च भरलेले. तिच्या मागोमाग तीन लहानगे नर त्याच जाळ्यात गुरफटलेले होते.

"बघ, बाईसाहेबांच्या मागे तीन नवरे," हिल्का म्हणाली, "आणि तिघंही चमच्याएवढे! सोड तिला, आर्मास. तिची कामं व्हायचीत अजून. नवरे ठेव, तळायला बरे."

"तिघंही ठेवू?"

"मग एखादा तिच्या सोबतीला सोड. तूच निवड, तुला मोजमाप कळतं."

आर्मासने खरोखरच तिन्ही नर एकमेकांशी ताडून पाहिले आणि त्यातला मोठा सोडला. हिल्का इतकी हसली की होडी हलली.

जाळे पुन्हा लावून झाल्यावर ती काठाकडे वल्हवू लागली. काठावरच्या बर्चच्या कळ्या अजून मिटलेल्या आणि तांबूस होत्या.

"यांना उंदराचे कान फुटले की पर्च मासा येतो," ती म्हणाली. बर्चच्या कोवळ्या पानाला आम्ही उंदराचा कान म्हणतो. "यंदाचा पर्च काही मला मिळायचा नाही."

"पाणी थंड आहे. आठवडा तरी लागेल."

"आणि होडी?"

"होडी त्याच्या आधी येईल."

"कधी यायचं ते यार्मोला तूच सांगतोस ना?"

"मी सांगत नाही," आर्मास म्हणाला. "बर्फ सांगतो."

हिल्काने दोन-चार वेळा वल्ही मारली. मग म्हणाली, "हो बाई, बर्फ मोठा बोलका. तुझ्यापेक्षा तरी नक्कीच."

एवढ्यात होडीचा तळ वाळूला लागला.

त्या रात्री दक्षिणेचा वारा सुटला. बर्फ आधीच काळा पडला होता आणि उभ्या सुयांसारखा आतून सुटा झाला होता. अशा बर्फाला वारा पुरतो. सकाळी आर्मास पूर्वेच्या खडकावर गेला, तेव्हा पाणवाटेच्या मधोमध गडद निळे पाणी हलत होते. मात्र उत्तरेच्या तोंडाशी सुट्या बर्फाचे मोठे मैदान तरंगत होते. त्याच्या कडा एकमेकींवर घासत होत्या आणि काचेच्या बांगड्या पोत्यात भरून हलवाव्यात तसा आवाज येत होता. वारा पडला होता. उत्तरेच्या आकाशात ढगांची कड स्वच्छ कापल्यासारखी दिसत होती. तिकडून वारा आला तर हे सारे मैदान पाणवाटेत उतरणार, आणि न आला तर दिवस निभावणार.

दुसऱ्या कोणत्याही वर्षी त्याने 'बंद, उद्या बघू' असे सांगितले असते. मनात पहिला शब्द तोच आला होता. पण तो आला, याच कारणाने आर्मास त्याच्याकडे संशयाने पाहू लागला. केंद्रावर नव्या माणसांना तो स्वतःच बजावत असे, की जो एखाद्या आकड्याची वाट पाहतो त्याला मोजपट्टीवर तोच आकडा दिसतो; अशा वेळी दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्यावे. इथे दुसरा माणूस नव्हता. दुसरे माणूस होते ती हिल्का, आणि ती पहिल्या होडीने जाणार होती. आपल्याला होडी यायला नको आहे, तेव्हा आपल्या अंदाजात बर्फ असेल त्याहून जास्त दिसत असणार. जेवढा जास्त दिसत असेल तेवढा वजा केला पाहिजे. त्याने तो वजा केला.

फोन वाजला.

"काय म्हणते वेधशाळा?" यार्मोने विचारले. "अजून झोपलंय का आपलं सरोवर?"

"मोकळी आहे."

"आज? नक्की ना साहेब? इथून मला उत्तरेकडे काहीतरी पांढरं दिसतंय."

"मोकळी आहे," आर्मासने पुन्हा सांगितले.

हिल्का तिच्या अंगणातल्या फळीवर मासे साफ करत होती. खवले तिच्या कोपरापर्यंत उडालेले होते. त्याने सांगितले तेव्हा तिने सुरी खाली ठेवली नाही.

"आज?"

"दुपारी येईल."

"मला वाटलं होतं, उद्या-परवा."

"पाणवाट मोकळी आहे."

"ते ऐकलं मी." तिने हातातला मासा पुरा केला, पाण्यात बुडवून काढला आणि त्याच्यापुढे धरला. "हे सगळे तूच ने. मेर्वीने घेतलेल्या घरात मासे तळलेले चालत नाहीत. भिंतींना वास लागतो म्हणे."

होडी आली ती दुपार टळल्यावर. तिच्या पुढल्या भागाचा रंग खरवडून निघाला होता आणि यार्मो एका हातात लांब काठी घेऊन उभा होता. दोर फेकण्याआधीच त्याने तोंड सोडले.

"साहेब, याला मोकळी म्हणायचं? दोन ठिकाणी काठीने ढकलत आलोय! म्हातारपणी चष्मा बदलावा लागतो, माहीत आहे ना? हिल्का, तुला हाकलायची एवढी घाई लागली होती वाटतं यांना!"

तो गमतीने बोलला होता. आपलेच वाक्य त्याला आवडले आणि हसत हसत तो खोकी होडीत चढवू लागला. हिल्का मात्र हसली नाही. डोक्याचा रुमाल सारखा करत तिने आर्मासकडे पाहिले.

"घाई होती का रे तुला?"

"घाई नव्हती."

"मग उत्तरेचा बर्फ तुला दिसला नाही?"

"दिसला." तो म्हणाला. "निरीक्षणात माझ्या बाजूची चूक येण्याची शक्यता होती. ती मी वजा केली."

"कसली चूक?"

आर्मासने धक्क्याच्या फळ्यांकडे पाहिले, मग दोराकडे. वाक्य अगदी जवळ आले होते. त्याचा पहिला शब्द कोणता असावा एवढेच ठरत नव्हते.

"चला, चला," यार्मो होडीतून ओरडला, "ढगाची कड बघितलीत का? वारा फिरला की मी रात्र इथे काढणार, आणि साहेबांच्या हातची कॉफी मी एकदा प्यालोय!"

हिल्काने आर्मासचा हात धरला. मग एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरली आणि होडीत खोक्यांच्या मध्ये बसली. "जाळं आजच काढ," ती म्हणाली. "पाणी तापतंय. मासा टिकणार नाही."

"काढतो."

होडी पाणवाटेच्या वळणाआड गेली तरी इंजिनाचा आवाज येत राहिला. मधूनच तो मंद होई. तेव्हा यार्मो काठीने ढकलत असणार. मग तो आवाज एकसारखा झाला आणि थांबला. पलीकडच्या काठाला ती पोचली होती.

त्यानंतर थोड्याच वेळात उत्तरेचा वारा आला. बर्फाचे मैदान सबंध पाणवाटेत उतरले, दोन्ही काठांना जाऊन घट्ट बसले आणि जिथून होडी गेली होती तिथे पाण्याचा ठिपकाही उरला नाही. आर्मास खडकावरून ते शेवटपर्यंत पाहत राहिला. आपला पहिला अंदाज बरोबर होता, हे आता उघड होते. त्यात कसलीही चूक नव्हती. त्याने 'बंद' सांगितले असते तर होडी आज आली नसती, उद्याही नाही, आणि वारा असाच राहिला असता तर आणखी पुष्कळ दिवस नाही.

मग तो जाळे काढायला गेला. वल्ही सोडून जाळ्याला हात घातला की होडी फिरे. जाळे सोडून वल्ही धरली की आलेला भाग परत पाण्यात जाई. शेवटी त्याने जाळ्याची कड दातांत धरून पाहिली, पायाखाली दाबून पाहिली, आणि मग जसे येईल तसे, मासे, लव्हाळी आणि चिखल यांचा एकच ढीग करून होडीत ओढले. ते सोडवताना बोटे बधिर झाली. काही मासे त्याला जाळे कापून काढावे लागले. आपले जाळे त्याने आयुष्यात कधी कापले नव्हते.

संध्याकाळी, अजून लख्ख उजेड असताना, हिल्काचा फोन आला.

"पोचले मी. लिफ्टमध्ये आरसा आहे. उगाच स्वतःचं तोंड बघत वर जायचं."

"खोकी?"

"एका ओढीत सुटल्या गाठी. मेर्वी म्हणाली, काका कमाल आहे." मग तिने विचारले, "बर्फ कसा आहे?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याची रीत आर्मासला पाठ होती. रंग, जाडी, वारा, आणि शेवटी तो एक शब्द. या वेळी तो म्हणाला, "बर्फ राहू दे. तू जायला नको होतंस, हिल्का. मला तू इथे हवी होतीस. तीच ती चूक, जी मी वजा केली."

 पलीकडे खिडकी लावल्याचा आवाज आला.

"हे तू धक्क्यावर का नाही बोललास?"

"धक्क्यावर यार्मो होता."

"यार्मो तर सगळीकडेच असतो, आर्मास!" तिच्या आवाजात हसू होते, पण ते पुरते हसू झाले नाही. "मी विचारलं होतं तुला. दोनदा विचारलं. होडीत एकदा आणि आज एकदा."

"होय. मला ते आता कळलं."

"आता मेर्वीने पडदेही लावलेत," ती म्हणाली. "पिवळे आहेत. माझ्यासाठी म्हणून रजा काढली होती पोरीने. आणि गुडघे माझे तेच आहेत, बाबा."

"होय."

"पाणवाट?"

"बंद आहे. पूर्ण भरली."

"म्हणजे आज निघाले नसते तर..."

"निघता आलं नसतं."

 फोनमधून आर्मासला रस्त्यावरची गाडी ऐकू आली, आणि तिला कदाचित इकडचा बर्फ ऐकू येत असावा, कारण दार उघडे होते.

"जाळं काढलंस का?" तिने विचारले.

"काढलं. थोडं कापावं लागलं."

"एकट्याने होत नाही ते. पर्च येईल आता, तेव्हा वल्हवायला कुणीतरी बघ."

"बघतो," आर्मास म्हणाला.