हवानावाली सांता किटेरिया

मित्रांनो, मी एक जुनी युद्धनौका आहे. खरे तर ‘होते’ म्हणायला हवे. पण माझे लाकूड अजून शाबूत आहे, म्हणून मी आपली ‘आहे’ म्हणते. स्पेनमधल्या कादिसजवळच्या खाडीत, ला कार्राकाच्या आरमारी गोदीसमोर मी चिखलात एका कुशीवर पडले आहे. भरतीला माझ्या दोन-तीन बरगड्या तेवढ्या पाण्यावर दिसतात. ओहोटीला बरीचशी उघडी पडते, आणि मग माझ्यावर बगळे येऊन बसतात. त्यांच्याशी माझे फारसे बोलणे नाही.

माझे नाव सांता किटेरिया. मी राजाची खरी, पण माझा जन्म स्पेनचा नाही. समुद्रापलीकडे हवाना बंदर आहे, तिथल्या सीडर आणि महोगनीच्या लाकडाची मी. हिवाळ्यात, चंद्र उतरणीला लागल्यावरच झाडाला कुऱ्हाड लावायची, असा तिथला नेम. चढत्या चंद्राचे लाकूड लवकर किडते म्हणतात. ते ओंडके रानातून किनाऱ्यापर्यंत गुलामांनी ओढत आणले. नाव राजाचे झाले, कौतुक सुतारांचे झाले. त्या माणसांचा मात्र नुसता घाम माझ्यात मुरला.

तोफांचे तीन मजले घेऊन मी समुद्रात उतरले, तेव्हा वल्ह्यांच्या होड्या माझ्यापुढे कोंबडीच्या पिलांसारख्या दिसत होत्या. पुढची कितीतरी वर्षे मी चांदी वाहून आणणाऱ्या गलबतांना सोबत केली आणि इंग्रजांशी लढले. उत्तरेकडच्या ओकच्या जहाजावर तोफगोळा आदळला की ढलप्या उडायच्या आणि माणसे गोळ्यापेक्षा त्या ढलप्यांनीच जास्त मरायची. माझ्या अंगात गोळा नुसता रुतून बसायचा. लढाई संपली की खलाशी माझ्या कठड्याचे मुके घ्यायचे. “आपल्या हवानावालीला काही होत नसतं!” म्हणायचे. तेच माझे नाव पडले, हवानावाली. मला ते फार आवडायचे. स्तुती कुणाला कडू लागते?

रोज तिन्हीसांजेला सगळे खलाशी वरच्या मजल्यावर जमून मेरीमातेची प्रार्थना गात. शेकडो गळे, आणि सूर म्हणाल तर एकाचा दुसऱ्याशी पत्ता नाही. आज मला सर्वांत जास्त आठवण येते ती त्या बेसूर गाण्याची.

मग राजाचे दिवस फिरले. आरमाराला कोणी वाली उरला नाही. माझ्या डोलकाठ्या उतरवल्या, तोफा काढून नेल्या आणि मला खाडीत साखळ्यांनी बांधून ठेवले. माझ्या शेजारी ओकचे एक जहाज असेच बांधलेले होते, सान फ्रोइलान. इतक्या मोठ्या माझ्या पोटात आता दोनच माणसे राहू लागली, राखणदार क्रिस्पिन रेंदोन आणि त्याची बायको फेर्मिना. दुसरा मजला रिकामाच होता. फेर्मिनाने तिथे कोंबड्या पाळल्या. ज्या खिडकीतून तोफ गर्जायची तिथे कोंबडी अंडे घालून ओरडायची. मी मनात म्हणायचे, असू दे, कुणीतरी आवाज करते आहे.

क्रिस्पिन तरुणपणी माझ्यावर खलाशी होता. आडदांड माणूस, पण माझ्यावर त्याचा फार जीव. सकाळी पाव आणि लसूण खात तो माझ्यातून फिरायचा, लाकडी हातोडी घेऊन फळ्यांवर टकटक करायचा आणि आवाज खणखणीत आला की खूश व्हायचा.

“ऐक, फेर्मिना, ऐक! घंटा वाजतेय जशी!”

“लाकडावर रोज कान ठेवतोस,” ती चण्यांची आमटी ढवळत म्हणायची, “माझी पाठ दुखते म्हणून गेला महिना सांगतेय, ते गेलं का कानात?”

“तुला काय धाड भरलीय! तूही हवानाचीच आहेस.”

“मी इथल्या चिक्लानाची आहे. आणि चिक्लानाची माणसं दुखतात.”

एके दिवशी गोदीचे अभियंते लासारो किरोगा साहेब होडीतून आले. सान फ्रोइलानचा राखणदार गास्पारही त्यांच्यासोबत माझ्यावर चढला. आम्हा दोघांच्या तळाला पूर्वी तांब्याचे पत्रे ठोकलेले होते, किडा लागू नये म्हणून. आता असे कळले होते की खाऱ्या पाण्यात तांबे शेजारचे लोखंड खाऊन टाकते. फळ्या धरून ठेवणारे लोखंडी खिळे आतल्या आत झिजत होते. जहाज कोरड्या गोदीत घेऊन ते बदलायला हवे होते.

“जागा एकाच जहाजाची आहे,” लासारो साहेब म्हणाले. “खिळे बदलले की ते जहाज पुन्हा समुद्रावर जाईल. दुसऱ्याला थांबावं लागेल. क्रिस्पिन, तुझी मोठी आहे. आधी तिला घेऊ म्हणतो.”

मित्रांनो, त्या क्षणी माझे सारे अंग कान झाले. पुन्हा शिडे! पुन्हा माणसे!

गास्पार टोपी हातात घेऊन नुसता उभा राहिला. त्याचे जहाज रोज कुठून ना कुठून गळायचे, आणि बिचाऱ्याचे हात पंप मारून सोलवटलेले होते. क्रिस्पिनने त्याच्या हातांकडे पाहिले, आणि मग माझ्या खांबावर जोरात थाप मारली.

“साहेब, याचं न्या आधी. याचं ओक म्हणजे ओला पाव. माझी हवानावाली आहे! कोयता मारा तिला, कोयता वाकेल.”

“लाकडाचं नाही म्हणत मी. खिळ्यांचं म्हणतोय.”

“असं लाकूड असल्यावर खिळ्याला करायचंच काय असतं?” क्रिस्पिन हसला. “नुसतं दिमाखाला ठोकलेत ते!”

सगळे हसले. लासारो साहेबही हसले, कारण हवानाच्या लाकडाची कीर्ती त्यांनाही ठाऊक होती. “बरं, हिला पुढच्या खेपेला घेऊ,” ते म्हणाले. फेर्मिना तेवढी हसली नाही. “अरे, साहेब आपणहून देतायत तर घे की,” ती म्हणाली. “दुसऱ्याला द्यायला स्वतःजवळ असावं लागतं.” पण तिचे कोण ऐकतो?

क्रिस्पिनवर मी रागावू कशी? त्याने मित्रावर दया केली आणि माझ्यावर विश्वास ठेवला. दोन्ही गोष्टी चांगल्याच. मला मात्र ओरडून सांगावेसे वाटत होते, अरे, मला आतून टोचते आहे! पण मला तोंड कुठे होते? आणि टकटक केली की लाकूड खणखणीतच वाजायचे.

सान फ्रोइलान गोदीत गेले. नवे पितळी खिळे, नव्या डोलकाठ्या आणि नवी माणसे घेऊन ते माझ्या शेजारून खाडीबाहेर निघाले. जाणाऱ्या जहाजाला हात हलवून “सुखरूप जा!” म्हणायची आमच्याकडे रीत आहे. माझ्यावरून दोनच हात हलले. त्या संध्याकाळी वाऱ्यावर त्यांची प्रार्थना कितीतरी वेळ ऐकू येत राहिली, आणि मी इतकी एकटी कधीच नव्हते.

माझी पुढची खेप आलीच नाही. युद्ध झाले, साहेब बदलले. नवा साहेब आला की क्रिस्पिन अर्ज घेऊन जायचा, आणि त्याने स्वतःच मारलेली फुशारकी त्याला परत ऐकायला मिळायची. “हवानावाली ना? तिला काय घाई आहे!” रडणाऱ्या जहाजांची रांग लांब होती. न रडणारी मी, रांगेच्या शेवटी.

आणि एका सकाळी, उधाणाच्या भरतीला लेवान्ते वारा सुटला. पूर्वेकडचा तो वारा दिवसेंदिवस थांबत नाही. साखळ्या ताणल्या, मी वळले आणि माझ्या पोटात काहीतरी सुटले. एक फळी निघाली, मग शेजारची. एकही फळी तुटली नाही हो! सगळ्या नुसत्या सुटल्या. क्रिस्पिन खाली धावला, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून खांद्याने फळी दाबू लागला. तिच्यातला खिळा त्याच्या हातात आला. विणायच्या सुईएवढा उरला होता तो, आणि बोटांनी चिमटताच त्याचा भुगा झाला.

“क्रिस्पिन, वर ये!” फेर्मिना कोंबड्यांची टोपली काखेत धरून ओरडत होती. “ती बुडतेय, तू नको बुडूस!”

ती दोघे होडीत उतरली. मी हळूहळू बसत गेले आणि चिखलाने मला धरले.

ओहोटी लागल्यावर गोदीची माणसे किनाऱ्यावर जमली. क्रिस्पिन एका पालथ्या होडीवर बसला होता, ओल्या कपड्यांत, ताठ. कोणी त्याच्या खांद्यावर थाप मारून पुढे गेले. एक पहारेकरी दुसऱ्याला म्हणाला, “त्याची नको काळजी. क्रिस्पिन म्हणजे खडक आहे.” आणि ते माझे दोरखंड वाचवायला निघून गेले.

फेर्मिनाने टोपली खाली ठेवली. ती त्याच्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “तुला कुठं दुखतंय?”

एवढेच. आणि तो आडदांड माणूस तिच्या मांडीवर डोके ठेवून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

मित्रांनो, चिखलात पडल्या पडल्या मी ते पाहिले. तो प्रश्न मला माझ्या उभ्या आयुष्यात कोणी विचारला नव्हता. कौतुक मात्र पोटभर मिळाले. तुमच्या घरातही कोणीतरी असेल, ज्याच्याविषयी सगळे म्हणतात, ‘त्याची काळजी नको, तो भक्कम आहे.’ तो बोलणार नाही. टकटक केलीत तर खणखणीतच वाजेल. तुम्ही आज घरी गेलात की त्याच्याशेजारी जरा बसा, आणि विचारा.