सत्तावीस नंबरच्या ठोकळ्याची फिर्याद

मी मेणाचा ठोकळा बोलतोय, आणि शपथेवर बोलतोय. यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोललो तर जागच्या जागी वितळून जाईन. आता साठ अंशांना मी खरं बोललो तरी वितळतोच, ही गोष्ट वेगळी. आणि शब्दन् शब्द म्हणजे अगदी तराजूत घालून नव्हे. कपाटात कोंडलेल्याला बाहेरचं कितीसं दिसणार? काही मी स्वतः ऐकलं, काही शेजारच्या ठोकळ्यांनी सांगितलं, आणि मधली भोकं माझ्या पदरच्या मेणानं बुजवली. राग मात्र चोख आहे. माणसांची तळपायाची आग मस्तकात जाते म्हणे. मला ना तळपाय ना मस्तक. माझी आग दहा वर्षं आहे तिथंच धुमसतेय.

दिसायला मी यथातथाच. काड्यापेटीहून लहान, पाठीला प्लॅस्टिकची जाळी, जाळीच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर: सत्तावीस. पण माझ्या पोटात एका बाईच्या अंगाचे चार तुकडे आहेत, शिवणाच्या दोऱ्याहून जरा जाड. तिच्या डाव्या छातीत गाठ लागली होती. सुईनं त्या गाठीचे हे चार धागे काढले आणि मला जन्म मिळाला. म्हणजे नात्यानं मी तिचा कोण, ते तुम्हीच ठरवा. मी तर तिला बहीणच मानतो.

बाई शिवणकाम करायची. थोरल्या बहिणीबरोबर तिचं कपडे शिवायचं दुकान होतं, दोन यंत्रं, एक मोठा आरसा. दवाखान्यात दोघी बरोबरच आल्या. डॉक्टरांनी धाकटीला काही विचारलं की थोरली मध्ये पडायची. "हिला नका विचारू, ही 'काही नाही' म्हणेल. बोटात सुई मोडली तेव्हाही हेच म्हणाली होती. मला विचारा."

मग आमचा छळ सुरू झाला. आधी झोंबऱ्या औषधाच्या बाटलीत दीड दिवस. मग अल्कोहोलच्या एकेका भांड्यात बुडवून काढलं. पिणाऱ्यांना वाटेल, काय चंगळ आहे. पण चढली कुणालाच नाही, अंगातलं पाणी तेवढं गेलं. शेवटी गरम मेण ओतलं, थंड केलं, आणि झाला ठोकळा तयार. एवढा खटाटोप कशासाठी, तर कापता यावं म्हणून. कसं कापायचं? केसाच्या जाडीत पंधरा-वीस काप बसावेत इतकं पातळ.

हे काम ताईंचं. गेली पंधरा वर्षं ताई त्या कापायच्या यंत्रापुढे स्टुलावर बसतात. चाक फिरवलं की ठोकळा पात्यावर खाली येतो आणि मेणाची तलम पट्टी निघते. ती पट्टी ताई कोमट पाण्याच्या तसराळ्यात सोडतात. पाण्यावर तिच्या सुरकुत्या सुटतात. मग खालून काच घालून तिला अलगद उचलायचं. काचेला रंग द्यायचा, निळा-जांभळा आणि गुलाबी. आणि काच जाते साहेबांच्या सूक्ष्मदर्शकाखाली. साहेब बघतात आणि सांगतात: साधी गाठ, की कॅन्सर.

आता नीट ऐका, कारण इथंच माझ्या रागाचं मूळ आहे. एका ठोकळ्याचे काप उचलून झाले की पाण्यावर काही बारीक कण तरंगत राहतात. डोळ्यांना दिसतही नाहीत. म्हणून पुढचा ठोकळा घ्यायच्या आधी पाण्यावरून एक मऊ कागद फिरवायचा. कण कागदाला चिकटून येतात, पाणी स्वच्छ. जेमतेम दहा सेकंदांचं काम. ताई तो प्रत्येक ठोकळ्यानंतर फिरवायच्या, पानं वाढायच्या आधी ताट पुसावं तसा.

पण साहेबांना घाई. त्यांनी खोलीबाहेर पाटी लावली होती: 'रिपोर्ट बाराच्या आत'. एवढ्या वेगानं दुसरीकडे कुठं रिपोर्ट मिळत नाहीत, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. एक दिवस ताईंच्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला पाणी पुसायला ठेवलंय का? पाच ठोकळे झाले की एकदा फिरवा कागद."

ताई म्हणाल्या, प्रत्येक वेळी फिरवायचा असतो. साहेब म्हणाले, पाटी माझ्या नावाची आहे. संपलं.

त्या दिवशी पंचविसाव्या ठोकळ्यानंतर कागद फिरला. मग सव्वीस नंबर कापला गेला. त्याच्या पोटातही छातीच्याच गाठीचा तुकडा होता, आणि ती गाठ खरोखरच कॅन्सरची होती. मग, पाणी न पुसता, मी.

आमच्या कपाटात म्हणतात ना, करून जातो गाव आणि नाव पडतं भलत्याचं. सव्वीसचा एक कण पाण्यावर तरंगत राहिला होता. माझी पट्टी काचेवर चढली तेव्हा तो तिच्या कडेला येऊन चिकटला. काचेवर माझे तीन काप होते, एकाखाली एक, तिळी भावंडं असावीत तसे. मधल्याच्या शेजारी हा पाहुणा. साहेबांनी बाराला दहा मिनिटं कमी असताना काच लावली, पाहुणा बघितला, आणि सही ठोकली: कॅन्सर.

अहो, मला किती वाटलं ओरडावं! तीन काप समोर आहेत, तिन्ही एकाच पट्टीतले. एकाजवळ ठिपका आहे, दोघांजवळ नाही. साध्या शिंप्याला कळेल की हा डाग कापडाचा नाही, वरून उडालेला आहे. पण साहेबांची नजर ठिपक्यावर, आणि ठिपक्याच्या पलीकडे भिंतीवरच्या घड्याळावर.

रिपोर्ट सर्जनबाईंकडे गेला. डावी छाती काढायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी आठला.

गुरुवारी ताई काचा नंबराप्रमाणे लावून ठेवत होत्या. सवयीनं एकेक काच उजेडाकडे धरायच्या. माझी काच धरली आणि हात तसाच राहिला. मग त्यांनी कापायची वही उघडली. सव्वीस. सत्तावीस. मधे कागद फिरवल्याची खूण नाही.

ताई साहेबांकडे गेल्या. मी कपाटात होतो, पण दार नीट लागत नाही ते एक बरं.

"साहेब, सत्तावीसच्या काचेवर ठिपका एकाच कापाशेजारी आहे. बाकी दोघांकडे नाही."

"मग?"

"मग तो तिचा नाही. पाण्यातून आलाय. सव्वीसचा असणार."

"ताई, कापायचं तुम्ही, बघायचं मी. तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात तर तुमच्या स्टुलावर कोण बसणार?"

साहेब जेवायला गेले. ताईंनी डबा उघडलाच नाही, कपाट उघडलं. मला बर्फावर ठेवलं, यंत्रात आवळलं आणि परत कापायला घेतलं, खोल, आणखी खोल. बारा काचा केल्या, आणि प्रत्येकीच्या आधी पाण्यावरून कागद फिरवला. मला कापताना दुखतं का, असं कुणी विचारत नाही. दुखतं. पण त्या दिवशी मी म्हणत होतो, काप बाई, तळापर्यंत काप, काय सापडतंय ते बघ.

काय सापडणार? साधी गाठ. तिन्ही-त्रिकाळ साधी.

ताईंनी बारा काचा साहेबांच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. साहेबांनी संध्याकाळी त्या बघितल्या. चष्मा तीनदा पुसला. आणि काय म्हणाले असतील? "उद्या बोलू."

उद्या! उद्या आठ वाजता बाईची छाती कापायची होती, आणि हे बोलणार उद्या. आपले साहेब रोज दहाला येतात.

शुक्रवारी ताई सातलाच आल्या. काचांची पेटी हातात घेतली आणि मला एप्रनच्या खिशात टाकलं. जन्मात पहिल्यांदा मी वर गेलो. बाईला ट्रॉलीवर घातलं होतं, ट्रॉली दाराशी पोचली होती आणि ताई आडव्या झाल्या, असं सांगायला मला फार आवडतं. मी शेजाऱ्यांना तसंच सांगतो. पण खरं म्हणजे ती वॉर्डातल्या खाटेवर बसली होती. थोरली तिची वेणी घालत होती. ताई सर्जनबाईंची वाट बघत पडद्याबाहेर थांबल्या, म्हणून मला ऐकू आलं.

"एक छाती नसलेली कुणी मापाला आली की मी काय करायचे, माहीत आहे ना तुला?" धाकटी म्हणत होती. "टेप लावायचे आणि आरशाकडे बघायचे. तू माझं माप घेशील तेव्हा आरशाकडे बघू नकोस."

थोरलीनं वेणीचा पेड सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतला.

सर्जनबाई आल्या. ताईंनी सगळं सांगितलं. सर्जनबाईंनी तिथूनच साहेबांना घरी फोन लावला. "तुमच्या ताई माझ्यासमोर उभ्या आहेत. रिपोर्टवर सही तुमची आहे. ती कायम आहे का, एवढंच सांगा."

पलीकडून साहेब म्हणाले, "थांबा."

एवढा एकच शब्द. ऑपरेशन थांबलं. बाईची छाती वाचली.

आणि मग साहेब धावत आले. त्यांनी दोघी बहिणींना आपल्या खोलीत बोलावलं, स्वतः उभे राहिले आणि बाईला खुर्चीत बसवलं. काच लावली. म्हणाले, हा ठिपका बघा, हा तुमचा नाही. चूक माझ्या खोलीत झाली, माझ्या घाईमुळे झाली. तुम्हाला कॅन्सर नाही, नव्हता, मला क्षमा करा. थोरलीनं त्यांना उभं-आडवं घेतलं. पाच दिवस माझ्या बहिणीच्या घशाखाली घास उतरला नाही, ते दिवस कुणाच्या काचेवर दिसतात, असं विचारलं. साहेबांनी मान खाली घालून ऐकलं. बाहेर जाऊन स्वतःच्या हातानं पाटी उतरवली.

छान झालं ना? कुणालाही बरं वाटावं असं.

तर तेवढं मी रचलेलं आहे. बाकी सगळं घडलं, 'थांबा'पर्यंत. त्यापुढचं नाही. पाटी अजून तिथंच आहे.

खरं काय झालं ते आता बिनमेणाचं सांगतो. साहेब दहालाच आले. त्यांनी नवा रिपोर्ट लिहिला: 'अधिक काप तपासले असता गाठ साधी आढळली.' कण कुणाचा, पाण्यात कसा राहिला, यातलं अक्षर नाही. सर्जनबाईंनी बाईला सांगितलं, सध्या तरी ऑपरेशन नको, पण दर सहा महिन्यांनी येऊन दाखवत जा. 'सध्या तरी'! आणि ताईंना साहेब दार लावून म्हणाले, "हात तुमचा होता, हे विसरू नका." ताई विसरल्या नाहीत. म्हणून गप्प आहेत. कागद आता प्रत्येक ठोकळ्यानंतर फिरवतात, न विचारता, आणि साहेबही काही म्हणत नाहीत.

आणि बाई? बाईला वाटलं, कॅन्सर होता आणि या देवमाणसानं पुन्हा तपासून वाचवलं. महिन्याभरानं थोरलीला घेऊन आली आणि साहेबांसाठी शिवलेला पांढरा एप्रन दिला. दुहेरी टीप, आत पेनाचा खण, बाह्या अगदी मापाच्या. एकदाच बघितलं होतं त्यांना, तरी. साहेबांनी तो घेतला. घेतला, आणि घातला. फाटला की ती नवा शिवून आणते. आजही त्यांच्या अंगात तिसरा आहे.

रिपोर्टची खिडकी माझ्या कपाटाला लागून आहे. दर सहा महिन्यांनी बाई तिथं येते. पाकीट हातात घेते आणि उघडत नाही; थोरलीला देते. थोरली वाचते, मान हलवते, तेव्हा कुठं धाकटीचा श्वास सुटतो. दहा वर्षांत वीस वेळा ऐकलाय मी तो श्वास. जी भीती सव्वीस नंबरची होती ती हिनं दहा वर्षं अंगावर वागवली, आणि वर आभार मानले.

दहा वर्षं झालेले ठोकळे पुढच्या महिन्यात जाळायला जाणार आहेत. यादीत माझा नंबर आहे. मेण आहे, छान पेटेन. त्याचं मला काही नाही.

पण ती सोमवारी येणार आहे. खिडकीपाशी ताईच असतात. ताई, हात तुमचा होता, मान्य. थांबवायला वर गेलेले पायही तुमचेच होते. पाकीट देताना एकच वाक्य बोला. तुम्हाला काही झालंच नव्हतं, एवढंच. मग मला खुशाल जाळा.