दुपारचं माप

"गरम गाडीचं दुखणं गरम असतानाच विचारावं, गं. गार झाली की ती शहाण्यासारखी वागते. पाहुण्यांसमोर पोरं वागतात तशी."

मामाचा आवाज. मामा जाऊन एकवीस वर्षं झाली. त्याला कामाची गाणी करायची खोड होती. हात ग्रीसमध्ये आणि तोंडात चाल: सकाळची गाडी मुकी गं बाई, दुपारची बोलकी. भाची हसायची आणि पाने पुसून जागेवर लावायची.

आता ते गॅरेज भाचीचं आहे. गाड्यांच्या विजेची कामं ती एकटी बघते. गिऱ्हाइकं तिला मीटरताई म्हणतात, कारण मीटर लावल्याशिवाय ती कुठल्याच वायरीवर विश्वास ठेवत नाही. निदान तिचा तसा लौकिक आहे.

पण उन्हाळ्यात पत्र्याची शेड तव्यासारखी तापते. अकरानंतर बॉनेटला हात लावला तर कातडी चिकटून राहावी. म्हणून उन्हाळाभर तपासणी सकाळी सात ते साडेदहा. नंतर शटर अर्धं खाली, पंख्याखाली बसून सुटे भाग साफ करायचे. गाडी आदल्या संध्याकाळी सोडायची, बॅटरी रात्रभर चार्जरवर, सकाळी माप. गिऱ्हाईक खूश, ताईही खूश.

अशाच एका सकाळी ती राखाडी रंगाची छोटी गाडी आली होती. मालक छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, वेलांटी इकडची तिकडे होऊ दिली नाही. बायको गेलेली. मोठ्या बहिणीची, अक्कांची, दृष्टी गेलेली, ती अकरा किलोमीटरवर एकटी राहते. काका रोज दुपारी तिच्याकडे जातात आणि तिला वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचून दाखवतात, जाहिरातींसकट.

त्या वेळी बॅटरी जुनी होती. उन्हाने पाणी आटलेलं, भार दिला की मान टाकत होती. ताईने नवी बसवली. पंधरा दिवसांत गाडी पुन्हा अक्कांच्या दारात बंद पडली. पुन्हा रात्रभर चार्जर, पुन्हा सकाळचं माप. गाडी बंद असताना बारा पूर्णांक सहा व्होल्ट, चालू केल्यावर चौदा पूर्णांक दोन. सोळा आणे काम.

"मग बॅटरी उतरते कशी?" काकांच्या मुलीने विचारलं होतं. ती दातांची डॉक्टर, घाईत होती.

वायर गुंडाळता गुंडाळता ताई म्हणाली, "आतला दिवा राहत असेल. वय झालं की होतं असं."

त्या वाक्याला मीटर लावलेला नव्हता. दिव्याचा संशय असेल तर बॅटरीची एक तार सोडून मध्ये मीटर जोडायचा आणि गाडी झोपेपर्यंत, म्हणजे आतली यंत्रणा शांत होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास थांबायचं असतं. तेवढा वेळ त्या सकाळी नव्हता.

गुरुवारी गाडी तिसऱ्यांदा आली, दुसऱ्या गाडीमागे दोर बांधून. पाठोपाठ डॉक्टरांचा फोन.

"ताई, काय असेल ते करून टाका. रविवारी गिऱ्हाईक येतंय बघायला. विकतोय आम्ही."

"विकताय? आणि अक्कांकडे कसं जाणार काका?"

"आठवड्यातून एकदा मी नेईन. हट्ट मी नाही केला हं. बाबांनी स्वतःहून चाव्या हातात दिल्या. म्हणाले, आज दिवा विसरलो, उद्या ब्रेक विसरेन."

फोन ठेवून ताईने बॅटरी चार्जरवर लावली. ती भरल्यावर तिने तार सोडली, मीटर जोडला आणि घड्याळाकडे पाठ करून थांबली. चाळीस मिनिटांनी गाडी झोपली. आकडा अठ्ठावीस मिलिअँपियरवर स्थिरावला. एवढ्याशा गळतीवर गाडी तीन आठवडे उभी राहिली असती. एखादा लपलेला दिवा असलाच तर म्हणून तिने डिकी पाहिली, समोरचा कप्पा उघडला. कप्प्यात छोटी वही होती.

सुबक, सरळ अक्षर. रोजची तारीख आणि खाली नोंद: पुढचे दिवे बंद. आतला दिवा बंद. डिकी बंद. रेडिओ बंद. काही पानांनंतर: पुन्हा परत येऊन पाहिलं, बंद. शेवटच्या पानावर: सगळं बंद होतं. तरी गाडी पडली. पाहिलं असं मला वाटतंय, पण बहुधा पाहिलं नसेल.

ताईने वही होती तशी ठेवली. 

शुक्रवारी दीड वाजता, ऐन उन्हात, तिने शटर पूर्ण वर केलं. बॅटरीला दोन लांब वायरी लावल्या, बॉनेटच्या फटीतून खिडकीत घेतल्या, मीटर शेजारच्या सीटवर ठेवला आणि काकांच्याच रस्त्याने निघाली. एसी चालू, पंखा पूर्ण. निघताना चौदा पूर्णांक एक. पुलावर तेरा पूर्णांक सहा. रेल्वेचं फाटक बंद होतं. मागेपुढे गाड्या, खाली डांबर मऊ झालेलं. बारा पूर्णांक नऊ. बारा पूर्णांक तीन. मालगाडीचे डबे संपेनात. बारा पूर्णांक एक.

ती उतरली. हाताला फडकं गुंडाळून बॉनेट उघडलं. वाफेसारखा झोत तोंडावर आला. शेजारचा ट्रकवाला केबिनमधून ओरडला, "ओ बाई, त्याच्यावर अंडं फोडा की! जेवायची वेळ झालीये."

"अंडं तुम्ही आणा, मीठ मी देते."

इंजिनाच्या कडेला अल्टरनेटर असतो. चालत्या गाडीत बॅटरी भरायचं काम त्याचं. त्याला फिरवणारा पट्टा ताठ होता. अल्टरनेटरच्या पाठीवर मीटरची टोकं टेकवली: तिथेही बारा पूर्णांक एक. म्हणजे वायरी निर्दोष, कमावणाराच आजारी. गार असताना भरभरून द्यायचा, तापला की हात टेकायचा. मग एसीपासून सगळा खर्च बॅटरीच्या अंगावर, आणि अक्कांच्या दारात ती रिकामी.

एसी बंद करून ती गॅरेजला परतली. डॉक्टरांना फोनवर एवढंच म्हणाली, "दोष सापडला. उद्या संध्याकाळी या."

शनिवारी सकाळी नवा अल्टरनेटर बसला. भर दुपारी ती पुन्हा फाटकापर्यंत जाऊन आली. तापून लाल झालेल्या गाडीत तेरा पूर्णांक नऊ, आणि आकडा जागचा हलेना.

संध्याकाळी डॉक्टर आल्या, सोबत काका. काका गाडीभोवती एक फेरी मारून आले, टपावर हात ठेवला, उचलला.

"काय निघालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"अल्टरनेटर. तापला की भरायचं थांबवायचा. बदललाय."

"बरं झालं. घेणाऱ्याला निर्धास्त सांगता येईल."

खरं होतं सगळं. इथेच थांबलं असतं तरी कुणी काही विचारलं नसतं. डॉक्टरांनी दवाखान्यातल्या चौघांच्या गाड्या ताईकडेच पाठवल्या होत्या.

काका हसून म्हणाले, "मीटरताई, नव्या मालकासाठी एक करा. दिवा राहिला की कानाशी भोंगा वाजेल, असं काही बसवा. माझ्यासारखा विसरभोळा भेटला म्हणजे?"

"बाबा, पुरे आता," डॉक्टर म्हणाल्या आणि चावीसाठी हात पुढे केला.

ताईने चावी दिली नाही. मुठीत धरून ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही दिवा विसरला नव्हता. एकदाही नाही. मी तो तपासलाच नव्हता. रात्रभर चार्जरवर ठेवलेली गाडी सकाळच्या गारव्यात मापली, दोष दिसला नाही, म्हणून तुमच्या वयावर ढकलून मोकळी झाले. विसरले मी, तुम्ही नाही. आणि डॉक्टर, हे मला काल दुपारीच कळलं होतं. फोनवर मुद्दाम सांगितलं नाही. लाज वाटली."