झाकणांची अदलाबदल

मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या पेशी घर सोडून यकृतात का जातात, हे वहिनीला दोन वर्षांपासून पक्कं ठाऊक होतं. सिद्ध व्हायचं तेवढं राहिलं होतं.

तिचं म्हणणं असं. पेशीच्या पोटात हजारो जनुकं असतात, पण सगळीच एका वेळी बोलत नाहीत. कुणी बोलायचं, कुणी गप्प बसायचं, हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. त्यातलं एक वहिनीने हेरलं होतं आणि प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘कारभारी’ म्हणत. हा कारभारी शेजारणीचा हात धरायला लावणारी जनुकं गप्प करतो, पाय फुटवणारी जागी करतो, आणि गुण्यागोविंदाने नांदणारी पेशी बोचकं उचलून चालू लागते. कारभाऱ्यालाच गप्प केलं की पेशी घरी बसतील. शुक्रवारी समितीपुढे हेच मांडायचं होतं. टिकलं तर प्रबंध, नाही तर दोन वर्षं पाण्यात.

पेशी सांभाळायचं काम नणंदेकडे. होय, सख्खी नणंद, त्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. घरी वहिनीच्या धुण्यापासून फोडणीपर्यंत खोट काढायची आणि इथे तिच्याच पेशी लेकरासारख्या जपायची.

सोमवारी दोन बशांतल्या पेशी, एकीत कारभारी शाबूत, दुसरीत गप्प केलेला, तळाला बारीक भोकं असलेल्या पेल्यांत सोडल्या आणि खाली खाऊ ठेवला. मंगळवारी कोण किती खाली उतरलं ते मोजलं आणि वहिनीचं तोंडच उतरलं. शाबूत कारभाऱ्याच्या पेशी प्रवचनाला बसल्यासारख्या जागच्या जागी. गप्प केलेल्या मात्र मोकाट सुटलेल्या, उतरलेल्या पेशींना रंग दिल्यावर खालचा पडदा नुसता जांभळा.

दुपारी नणंद जवळ येऊन म्हणाली, “वहिनी, माझ्या हातून झाकणं बदलली.”

घडण्यासारखं होतंच. बशीच्या अंगावर न लिहिता झाकणावर नाव लिहायची खोड वहिनीचीच, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई तिला त्यावरून दर आठवड्याला झोडायच्या. झाकणं बदलली असतील तर निकाल आपोआप सुलटा. वहिनीने नणंदेला चार शब्द सुनावले, त्यात मागच्या तीन वर्षांचे थोडे उरकून घेतले. नणंद खाली मान घालून ऐकत राहिली.

वहिनीला खटकलं ते इथेच. ही पोरगी जन्मात कधी खाली मान घालून बसलेली नव्हती.

बशांत पेशी उरल्या होत्या. वहिनीने त्यांतली प्रथिनं काढून जेलवर पळवली, म्हणजे ज्या बशीत कारभारी असेल तिथे त्याची पट्टी उमटेल. गुरुवारी उत्तर आलं: शाबूत लिहिलेल्या बशीत कारभाऱ्याची ठळक पट्टी, दुसरीत नावालाही नाही. झाकणं जागच्या जागी होती. हे पट्ट्यांचं चित्र फाडून टाकलं तर कुणाला पत्ता लागणार नाही, हा विचार मनात आला आणि, देवाची शपथ, चांगला पाच मिनिटं राहिला.

मग ती नणंदेकडे गेली. “वन्सं, खोटं का बोललीस?”

“दादा सांगत होता, तू झोपेतसुद्धा पेशी मोजतेस. बघवेना,” नणंद म्हणाली. “आणि शुक्रवारच्या आत पकडशील असं वाटलं नव्हतं.”

बाईंनी चित्र पाहिलं आणि कारभारी चोर नसून राखणदार दिसतो, तेव्हा शीर्षक उलटं कर, एवढंच सांगितलं.

शुक्रवारी समितीतल्या सर्वांत खडूस गृहस्थांनी पहिलाच प्रश्न टाकला: कारभारी खरोखर गप्प झाला होता कशावरून? वहिनीने पट्टीचं चित्र पुढे केलं. चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, प्रयोग आणखी दोनदा करून दाखवा, सहा महिने देतो.

नणंद दाराबाहेरच उभी होती. वहिनीने तिला सांगितलं की सहा महिने मिळाले आणि पेशी तूच सांभाळायच्या. नणंद म्हणाली, विचार करून सांगते. पण पाय वळले ते पेशींच्या उबदार कपाटाकडेच.