वैनींचा शब्द

देवकीने नारळाची वाटी विजेच्या खवणीवर दाबून धरली आणि बटण दाबले. बघता बघता परात भरली, पण पांढऱ्याशुभ्र खोबऱ्यात करवंटीचे काळे कण पडले होते. तिने परातीवर पदर धरला.

"कसां वाटता, वैनी?" धाकटी जाऊ विनोदिनी दारातून विचारत होती. "तुमी सांगशात तरच वेबसाइटीर घालतंय."

विनोदिनी घरातल्या वस्तूंबद्दल वेबसाइटवर लिहायची. तिथून कुणी वस्तू मागवली की कंपनी तिला कमिशन द्यायची, आणि ते सगळे डिचोलीच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेला जायचे. तसे तिने पहिल्याच ओळीत लिहूनही ठेवले होते. न वापरलेली वस्तू ती कुणाच्या गळ्यात मारत नसे.

देवकीच्या पोटात दुखायचे ते इथेच. गणपतीच्या चवथीच्या आधी मुळगावात दारोदार फिरून ती त्याच शाळेसाठी नारळ-तांदूळ गोळा करत आली होती, ही बया घरात यायच्या कितीतरी आधीपासून. आणि यंदा शाळेच्या कार्यक्रमात शाल कुणाला? मोबाइलवर बोटे फिरवणारीला. देवकीने मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन माशाच्या हुमणात दुप्पट मीठ घातले.

एकदा पडू दे तोंडघशी, तिला वाटले.

"बरां आसा," ती म्हणाली. "बिनघोर घाल."

चवथ तोंडावर आली तशी शेजारची चंद्रावती खवणीचे एक बंद खोके काखेत मारून ओसरीवर आली.

"नेवऱ्यांच्या खोबऱ्याक घेतलां गे. तू बरां म्हणतस, मगे आनी कोणाक विचारूचां?"

चंद्रावतीने पुढे केलेल्या मोबाइलमध्ये देवकीने पाहिले. खवणीच्या चित्राखाली लिहिले होते, 'आमच्या देवकीवैनींनी स्वतः नारळ खवून पाहिला आहे.' वर तव्याखाली तिचेच नाव, पातेल्याखाली तिचेच. पान खाली सरकत गेले तरी नाव संपेना. रागापायी तिने ते कधी उघडलेच नव्हते.

ती उठली ती थेट विनोदिनीच्या खोलीत गेली.

"ती खवणी काढ थंयसून. करवंटी खरवडता. माका त्याच दिसा दिसलां होतां."

विनोदिनीने लॅपटॉप ओढला आणि लिहिता लिहिता वाचून दाखवले, "ही खवणी घेऊ नका. घेतली असेल तर परत करा. मी नीट पाहिले नाही, चूक माझी."

म्हणजे आता चूकसुद्धा हिनेच घ्यायची. देवकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पूस तां. थंय माजां नाव घाल."

"वैनी, लोक कितें म्हणतले?"

"घाल म्हणतंय मां."

विनोदिनीने ओळ पुसली. नवी ओळ पुरी होईपर्यंत देवकी तिच्या खांद्यामागे उभी राहिली. मग बाहेर येऊन तिने फळीवरची जुनी आदोळी, टोकाला खवणी असलेली विळी, खाली काढली, तिचे पाते पदराने पुसले आणि ती चंद्रावतीसमोर मांड ठोकून बसली.

"तां खोकां उघडू नको," ती म्हणाली. "तुजे नारळ घेवन ये. मी खवतंय."